साखरदाणीचं नववं झाकण

आरोग्य खात्याच्या नोटिशीत 'साखर' हा शब्द सात वेळा आला होता, 'पक्षी' चार वेळा आणि माझं नाव एकदाच, तेही चुकीचं. ग्रॅनव्हिल यरवुडचं त्यांनी 'ग्रॅनव्हिल यारवर्ड' केलं होतं. टपाल खात्यात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे फार लागतं. अशा नावाचं पाकीट मी 'पत्ता अपुरा' असा शिक्का मारून परत पाठवलं असतं.

नोटीस आमच्या व्हरांड्याबद्दल होती. माझी बायको ओरिअल तिथे चार टेबलं मांडून चहा, नारळाचा पाव आणि गरम फिशकेक देते. स्पाइट्सटाउनमध्ये नाव आहे तिच्या हाताला. पण गिऱ्हाइकांच्या आधी टेबलावर चिमण्या हजर असतात. आमची चिमणी दिसायला मातकट, आणि नर कोणता, मादी कोणती ते तिचं तिलाच ठाऊक. पक्ष्यांच्या पुस्तकात तिला वेगळं, भारदस्त नाव आहे, पण अख्खं बार्बाडोस तिला चिमणीच म्हणतं. ती साखरेची कागदी पुडी एका पायाखाली दाबते, चोचीने कोपरा फाडते आणि तुमच्या डोळ्यांत डोळे घालून साखर खाते. आरोग्य निरीक्षक येऊन बसले त्या दिवशी तिने त्यांच्या पुढ्यातली पुडी फाडली. त्यांनी दुसरी उचलली, तर तीही फाडली. त्यांनी चहा बिनसाखरेचा प्यायला आणि नोटीस धाडली. तीन आठवड्यांत टेबलावरच्या साखरेचा बंदोबस्त झाला नाही, तर व्हरांड्याच्या परवान्याचं नूतनीकरण होणार नव्हतं.

"पुड्या बंद," मी जाहीर केलं. "प्रत्येक टेबलावर झाकणाचं भांडं. झाकण मी करतो."

"बाजारात मिळतात की," ओरिअल म्हणाली.

"बाजारातल्या झाकणामागे विचार नसतो."

"नको असेल साखरेला विचार."

तिचाही दोष नाही. मी बांधलेली पार्सलं तिने कधी पाहिली नव्हती. मी बांधलेलं पार्सल लंडनला पोचेपर्यंत कुणाला उघडता येत नसे. काही तर पोचल्यावरही उघडता आली नाहीत, अशी पत्रं आलेली आहेत.

तरी पहिलं झाकण मी घरातलंच वापरलं. चिनी मातीचं, चमच्यासाठी कडेला खाच असलेलं. चिमणीने खाचेतून डोकं आत घातलं आणि उरलेलं अंग बाहेर ठेवून ती निवांत जेवली. दुसरं झाकण बिनखाचेचं होतं. ते तिने खालून चोच घालून उलथलं. ते फरशीवर पडून फुटलं. तिसरं मात्र मी स्वतः घडवलं. महोगनीचं, बिजागरीचं, वर शिशाचं वजन. ते चिमणीला खरोखरच उचलता येईना. पण गिऱ्हाइकाने चमचा घालायला ते उघडलं की ते उंदराच्या पिंजऱ्यासारखं खटकन मिटे. मेथडिस्ट चर्चचे पाद्री त्यात सापडले. त्यांनी बोट तोंडात धरून देवाचं नाव घेतलं; ते प्रार्थनेसाठी घेतलं नव्हतं एवढं नक्की.

आणि चौथ्या दिवशी चिमणीने शोध लावला, की पाद्रीसाहेब झाकण उघडतात तेवढ्यात आत शिरायचं आणि ते आरडाओरडा करत असताना बाहेर पडायचं.

आता शेजारी जागे झाले. आमचा शेजारी फिट्झ इनिस निवृत्त क्रिकेट पंच आहे आणि तर्जनी वर केल्याशिवाय सल्ला देत नाही.

"ग्रॅनव्हिल, माझं ऐक. एका भांड्यात मीठ भर. एकदा जिभेला लागलं की आयुष्यात फिरकायची नाही."

मी मीठ भरलं. चिमणीने लांबूनच मान वाकडी करून पाहिलं आणि शेजारच्या टेबलावर गेली. मीठ बँकेच्या व्यवस्थापकांच्या चहात गेलं. आयुष्यात न फिरकण्याबद्दल फिट्झचा अंदाज बरोबर होता, फक्त तो व्यवस्थापकांना लागू पडला.

मग फिट्झने आपली मांजर पाठवली. तिचं नाव डचेस, वजन एखाद्या बाळाएवढं. ती पायरीवर बसली, चिमण्यांकडे पाहिलं, त्यांच्यात आपल्याजोगं काही नाही असं ठरवलं आणि तिसऱ्या टेबलावरचे दोन फिशकेक खाऊन खुर्चीवर झोपली. तिला उठवावं लागू नये म्हणून एक बाई उभ्यानेच चहा प्यायल्या.

"मांजर पक्ष्यांपासून रक्षण करते," फिट्झ गंभीरपणे म्हणाला. "फिशकेकबद्दल मी काही बोललो नव्हतो."

चौथं झाकण सरकतं होतं, पट्ट्यांमधून मागे जाणारं. चिमणीने ते दीड दिवसात सरकवलं. मग मी पाचवं केलं, आणि ते झाल्यावर मी जरा लांब उभा राहून त्याच्याकडे पाहिलं. सरकतं झाकण, आणि ते अडवायला पितळेची बारीक खुंटी. आधी खुंटी वर ओढायची, मगच झाकण सरकणार. दोन दिवस चिमणी त्याच्याभोवती नुसती फिरत राहिली. त्या दोन दिवसांत माझ्या मनात जे आलं ते या सगळ्या गोष्टीच्या मुळाशी आहे: याची नोंदणी केली पाहिजे.

रोजच्या वापरातल्या वस्तू कुणी शोधल्या याचं माझं वाचन दांडगं आहे. पत्र्याचा बंद डबा आधी निघाला आणि तो उघडायचं साधन निघायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. मधल्या काळात लोक छिन्नी आणि हातोडा घेऊन जेवायला बसत. कागदी पुडीची कल्पना ज्याला सुचली त्याने म्हणे नोंदणी न करताच ती इतरांना दाखवली आणि मग तो हात चोळत बसला. साखरेची चौकोनी वडी बोहेमियातल्या एका कारखान्याच्या व्यवस्थापकाने काढली. का, तर साखरेची ढेप फोडताना त्याच्या बायकोचं बोट कापलं.

हे मी ओरिअलला सांगितलं.

"माझंही कापलंय," ती म्हणाली.

"कधी?"

"तुझं दुसरं झाकण फुटलं तेव्हा तुकडे कोण गोळा करत होतं?"

संशोधकांच्या घरी असं वातावरण पूर्वीपासूनच असतं, असं मी कुठेतरी वाचलं आहे. नसलं वाचलं तर कुणीतरी लिहायला हवं.

ब्रिजटाउनच्या नोंदणी कचेरीत खिडकीपलीकडे मिस स्कीट होत्या. त्यांच्या चष्म्याला साखळी होती आणि आवाजाला कुलूप. मी भांडं पुढे ठेवलं. त्यांनी अर्ज पुढे ठेवला.

"वापर कुणासाठी? मनुष्यासाठी की प्राण्यासाठी? एकाच रकान्यात खूण करा."

"मनुष्यासाठी. प्राण्याविरुद्ध."

"'विरुद्ध' असा रकाना नाही."

"मग मनुष्यासाठी."

"मनुष्यासाठी यात नवीन काय आहे? झाकण आहे."

"प्राण्याला उघडत नाही."

"मग प्राण्यासाठी."

"प्राण्यासाठी कसं? त्याला तर मिळू नये म्हणून आहे!"

"मिस्टर यरवुड," त्या म्हणाल्या, आणि मला कबूल केलं पाहिजे की त्यांनी नाव अचूक उच्चारलं, "प्राण्यांच्या उपकरणाला शेती खात्याची शिफारस लागते. घरगुती उपकरणाला तीन बाजूंची चित्रं लागतात. तुमचं ठरवून या."

मी तीन बाजूंची चित्रं काढली. मिस स्कीट म्हणाल्या की भांडं गोल आहे, त्याला तीन बाजू कुठल्या. मग त्यांनीच तोडगा काढला. उपकरण खरोखर चालतं हे त्या जागेवर येऊन पाहतील आणि तसा शेरा मारतील. दिवस ठरला, मंगळवार. नोटिशीची मुदत त्याच मंगळवारी संपत होती. मला हा शुभ योग वाटला.

मधल्या काळात मी आणखी एक चूक केली. वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. विषय, 'चिमण्यांची बेशिस्त आणि करदात्याची साखर'. त्यात पाचव्या झाकणाचा सविस्तर उल्लेख केला, आणि शेवटी प्रामाणिकपणे लिहिलं की काल दुपारी एका चिमणीने खुंटी ओढून पाहिली, पण यश आलं नाही. पत्र छापून आलं त्याच सकाळी यश आलं.

आणि संध्याकाळी दारात डॉक्टर केझाया बॉइस उभ्या राहिल्या. विद्यापीठात पक्ष्यांच्या वर्तनाचा अभ्यास करतात. पस्तिशीच्या, पायात चिखलाचे बूट, गळ्यात दुर्बीण. पत्र वाचून आल्या होत्या आणि पायरीवरूनच त्यांनी चिमणीला भांडं उघडताना पाहिलं होतं.

"पुड्या फाडतात ते आम्हाला माहीत आहे," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पण आधी खुंटी आणि मग झाकण! दोन पायऱ्या, त्याही क्रमाने! हे तिला कुणी शिकवलं?"

"कुणी शिकवणार?" मी म्हणालो. "चोर आहे ती."

"ग्रॅनव्हिलने शिकवलं," ओरिअल किटलीमागून म्हणाली. "आधी खाच, मग उलथायचं, मग सरकवायचं, मग खुंटी. शाळेत चढवतात तसं इयत्तेइयत्तेने वर नेलं त्याने तिला. एकदम पाचवं दिलं असतं तर बिचारी नापास झाली असती."

डॉक्टर बॉइस माझ्याकडे अशा आदराने पाहू लागल्या की मी नकळत कॉलर सारखी केली. पत्ता माझाच होता, पण पाकिटातला मजकूर चुकीचा होता.

दोन दिवसांत त्यांनी जाळी लावून ती चिमणी पकडली, तिच्या पायात लाल आणि पिवळं कडं घातलं आणि सोडून दिली. तेव्हापासून ती 'लाल-पिवळी' झाली. सोबत वन्यजीवांच्या कचेरीचं पत्र आलं: अभ्यास चालू असेपर्यंत सदर पक्ष्यास हुसकावू नये. आता आमच्या भिंतीवर दोन सरकारी कागद शेजारी शेजारी होते. एका खात्याने पक्षी साखरेपाशी दिसता कामा नये असं बजावलं होतं, दुसऱ्याने त्याच्या अंगाला हात लागता कामा नये असं. दोन्हींवर तोच शिक्का. फिट्झने दोन्ही वाचले, तर्जनी वर केली आणि प्रथमच ती डोकं खाजवायला वापरली.

मंगळवारी दहा वाजता मिस स्कीट आल्या. सव्वादहाला आरोग्य निरीक्षक आले. डॉक्टर बॉइस आधीच कोपऱ्यात वही घेऊन बसल्या होत्या. मी टाय लावला होता. खुंटी मी आदल्या दिवशी आणखी घट्ट बसवली होती आणि माझी पुरती खात्री होती.

"आधी मनुष्य," मिस स्कीट म्हणाल्या. त्यांनी चहा घेतला आणि साखरेसाठी भांडं पुढे ओढलं. खुंटी ओढली, निघेना. फिरवली, निघेना. चष्मा लावून पाहिलं. निरीक्षकांनी मदत केली. दोघांनी मिळून भांडं उलटंही करून पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक इंग्रज पाहुणी बसली होती, रोज येणारी. ती गोड आवाजात म्हणाली,

"थोडं थांबा ना. ती येईलच आता. मी नेहमी तिने उघडल्यावरच घेते."

आणि ती आली. लाल-पिवळी मिस स्कीटच्या मनगटापासून वीतभर अंतरावर उतरली, भांड्याच्या काठावर चढली, खुंटी चोचीत धरून मागे रेलली, खुंटी बाजूला टाकली, झाकण सरकवलं. डॉक्टर बॉइस कुजबुजल्या, "अकरा सेकंद." मग चिमणी जराशी बाजूला झाली. इंग्रज पाहुणी म्हणाली, "घ्या आता," आणि सरकारच्या दोन खात्यांनी आळीपाळीने त्या भांड्यातून साखर घेतली.

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणीच हसलं नाही. ओरिअलने माझ्या पुढ्यात नारळाच्या पावाचा जाडसर तुकडा ठेवला. आमच्याकडे मयतानंतर असा ठेवतात.

नोंदणी कचेरीचं उत्तर आठवड्याने आलं. ते मी पाठ केलेलं आहे. नियमाप्रमाणे, साधारण कौशल्य असलेल्याला जे सहज सुचेल ते संशोधन ठरत नाही. प्रत्यक्ष पाहणीत सदर रचना साधारण कौशल्य असलेल्या एका उपस्थिताला अकरा सेकंदांत उलगडली, सबब अर्ज नामंजूर. 'उपस्थित' कोण, याबद्दल अवाक्षर नव्हतं. मला मिस स्कीटच्या सभ्यतेचं तेवढं कौतुक वाटलं.

परवान्याचा प्रश्न ओरिअलने त्या मंगळवारीच सोडवला होता. तिला दोन मिनिटं लागली. टेबलांवरची सगळी भांडी उचलून तिने आत नेली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागली, "किती चमचे?" साखर आतूनच घालून यायची. निरीक्षकांनी फीत लावून व्हरांडा मोजला, तो पायरीपाशी संपत होता. पायरीपलीकडे फणसासारख्या फळांच्या ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली जे एक मोडकं टेबल होतं ते व्हरांड्यात मोडत नव्हतं. ते चिमणीला मिळालं. परवाना नवा झाला, वन्यजीववाले खूश झाले. मी विचारलं, "हे तुला आधी का नाही सुचलं?" ती म्हणाली, "पहिल्या दिवशीच सुचलं होतं. तू झाकण करत होतास."

इथे माझं काम संपायला हवं होतं. पण डॉक्टर बॉइस पुन्हा आल्या.

"आमच्या कार्यशाळेत एवढं नेमकं अवघड कुणालाच जमत नाही, मिस्टर यरवुड. ते करतात ते एकतर अगदी सोपं किंवा अशक्य. तुम्ही पुढची झाकणं कराल का?"

माझ्याकडे कुणी एवढ्या अदबीने काही मागितल्याला फार वर्षं झाली होती. सहावं केलं, ते तिने चार दिवसांत उघडलं. सातवं तीन दिवसांत. आठवं सहा दिवसांत, मधे एकदा रागावून खाली ढकललं तरी. मी वही ठेवू लागलो. फिट्झ कुंपणावरून विचारी, "आज स्कोअर काय?" मी सांगत असे.

नववं झाकण माझं सर्वांत देखणं. पितळेची चकती पाव फेरा फिरवायची, मग ती खाचेत बसते, मग दाबलं की झाकण वर येतं. डॉक्टर म्हणाल्या, "दहा दिवस ठेवू. नाही जमलं तर तिची मर्यादा इथे संपली असं लिहू आणि अभ्यास बंद करू."

पहिल्या दिवशी तिने चकतीवर सदतीस वेळा चोच मारली. दुसऱ्या दिवशी बेचाळीस. चौथ्या दिवशी चकती थोडी हलली आणि अडकली. पाचव्या दिवशी ती काठावर येऊन बराच वेळ नुसतीच बसली. फिट्झने कुंपणावरून तर्जनी उंचावली. "आउट! जिंकलास तू, ग्रॅनव्हिल!" मी आभार मानले. दोन महिने ज्या क्षणाची वाट पाहिली तो असा आला, आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. आठव्या दिवशी ती दोनदाच आली. नवव्या दिवशी आलीच नाही. पायरीखाली इतर चिमण्यांबरोबर पावाचे चुरे टिपत होती. पायात लाल-पिवळं कडं नसतं तर मला ओळखूही आली नसती.

दहाव्या दिवशी सकाळी, टेबलं मांडायच्या आधी, मी पेचकस घेऊन झाडाखाली गेलो आणि चकतीचा स्क्रू अर्धा फेरा सैल केला. समुद्राकाठी पितळ आवळून बसतं. साधनं नीट चालती ठेवणं हे ती बनवणाऱ्याचं कर्तव्यच आहे. असं मी स्वतःला सांगत होतो. ते सांगताना आजूबाजूला कुणी पाहत नाही ना याचीही खात्री करत होतो.

सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी ती आली. चकती फिरवली. दाबली. झाकण वर आलं. मी एवढ्या जोरात ओरडलो की ओरिअल हातात झारा घेऊन बाहेर आली. मी वहीत लिहिलं, 'दहावा दिवस. उघडलं. कुणाचीही मदत नाही.'

दुपारी डॉक्टर बॉइस आल्या, वही वाचली, टाळ्या वाजवल्या आणि झाडाला बांधलेला छोटा कॅमेरा काढून त्यातली चित्रफीत लावली. कॅमेरा मला माहीत होता. तो चिमणी आली की सुरू होतो अशी माझी समजूत होती.

"हालचाल दिसली की सुरू होतो," त्या म्हणाल्या. "कुणाचीही."

पडद्यावर आधी माझं टक्कल आलं. मग पेचकस. मग मी स्क्रू सैल करून चकतीवर साखरेचे चार दाणे ठेवताना दिसलो, आणि मग झाडाकडे तोंड करून शीळ घालताना. शिळेचं मी पार विसरलो होतो. चित्रफीत चांगली तीन मिनिटांची होती. ओरिअल किटली घेऊन मागे उभी होती. तिने ती सगळी पाहिली.

"ही नोंद मला खोडावी लागेल, मिस्टर यरवुड," डॉक्टर म्हणाल्या.

"खोडा," मी म्हणालो. "अभ्यास बंद करणार?"

त्यांनी चिमणीची वही मिटली, पिशवीतून एक कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर माझं नाव आणि तारीख घातली.

"पहिल्या दिवशी तिला जमलं नाही, तेव्हा तुम्ही दिवसभरात किती वेळा झाडाखाली गेलात?"

"हे कशाला हवं?" मी म्हणालो. "मी गेलो असेन एकदा. फार तर दोनदा."

ओरिअलने किटली टेबलावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढून डॉक्टरांच्या समोर बसली.

"त्याला काय विचारता? मला विचारा. पहिल्या दिवशी एकोणीस वेळा. जेवताना उठून गेला ते वेगळं."